बापूरावांनी भरून ठेवलेली भरमार

मोहगाव, ता. कुरखेडा
९ सप्टेंबर १९८६

खुशालभाऊ,

नमस्कार. पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाई. बाबा ठणठणीत आहेत. आज सकाळीच मले दोनदा भैताड म्हणाले.

लफडं वेगळं आहे. परवा कोतवाल ठाण्याचा निरोप घेऊन आला. जंगलात दादा लोकं, म्हंजे नक्षलवाले, फिरून राह्यले, ते गावातल्या भरमार बंदुका उचलून नेतात म्हणे. म्हणून ज्याच्याजवळ पीक राखाची भरमार आहे त्यानं दिवाळी झाल्यावर आठ दिवसांत ती ठाण्यात जमा कराची. अन् बंदूक खाली पाहिजे. भरलेली सापडली तं लायसन रद्द, वरून केस. जमादार मले म्हणाला, "भरलेली बंदूक माझ्या टेबलावर ठेवली तं तुझ्या बापाले आत बसवीन." बाबा आता सत्तरीच्या पुढं गेले. मोतीबिंदूनं त्याहीले मी अन् बैल सारखाच दिसतो. या वयात त्याहीले कोर्टात उभं कराचं का?

अन् ती बंदूक भरलेली आहे, हे तुह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? तू आरमोरीच्या बौद्धांच्या कमलासंगं लग्न लावलं त्या दिवशी बाबा सपरीच्या ओट्यावर उभे राहून साऱ्या गावाले ऐकवत होते, "पोट्ट्यानं या आंगणात पाय तं ठेवावा, बार भरून ठेवला आहे!" तवापासून बंदूक खुंटीवर अन् तू चंद्रपुरात. बंदुकीले भेऊन पळाला अन् बंदुकीच्याच दुकानात मिस्त्री झाला. तुही अक्कल काही औरच आहे, भाऊ.

मी बाबाले म्हटलं, किती बारूद टाकली, किती छर्रे टाकले, सांगा, मी खाली करतो. तं म्हणतेत, "ज्याच्यासाठी भरली, त्यालेच खाली कराले बोलाव." अन् भिंतीकडे तोंड करून झोपले. आता तूच सांग काय कराचं ते.

वहिनीले नमस्कार सांगजो. बाबा झोपले आहेत म्हणून एवढं लिहिलं.

तुहा
वामन


चंद्रपूर
१७ सप्टेंबर १९८६

वामन,

"ज्याच्यासाठी भरली त्याले बोलाव" म्हणे! वा रे म्हातारा! अकरा वर्षं झाली, अजून नेम धरूनच बसला आहे. मी येत नाई, सांगून ठेव. मले बंदुकीत अडकलेले छर्रे काढता येते, माह्याच पाठीत घुसलेले काढता येत नाई.

आता बस अन् धडा घे. तुले वाटत असल बंदूक म्हणजे बंदूक. तसं नाई. सगळ्यात आधी तोड्याची आली. शिपाई हातात जळती वात घेऊन उभा. पाऊस आला की वात इझली, अन् दोन्ही फौजा घरी. मग आली चकमकीची. गारगोटी लोखंडावर आपटे, ठिणगी पडे, पडली तं पडली. मग टोपीची आली, ती आपली. घोडा टोपीवर आपटला की टोपीतला मसाला फुटते अन् आतली बारूद पेटते. पण या तिन्ही समोरून भराच्या. आधी बारूद, मग चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी, वरून गजानं ठोकाचं. तवापर्यंत डुक्कर आपलं जेवण आटोपून घरी जाते.

अन् समोरून भरलेलं दिसत नाई, हे मोठं दुखणं. लढाईत घाबरलेले शिपाई एकावर एक बार भरत जात. आपला उडाला का शेजाऱ्याचा, हेही समजे नाई. म्हणून साहेबलोकांनी डोकं लावलं अन् नळी मागून उघडली. टोपी, बारूद, छर्रे, सारं एका काडतुसात बांधून टाकलं. आत डोकावून पाह्य, भरली आहे का खाली, बस. आता तं धडाधड उडणाऱ्या आल्या, पण त्या तुह्यामाह्या नशिबात नाई, अन् बाबाच्या हातात तं नकोच.

भरमार खाली कराचा सरळ रस्ता एकच, उडवणं. आधी नळीत गज टाकून पाह्य. आपल्या बंदुकीत एक बार असला की गज चार बोटं बाहेर राहते, हे बाबानंच मले शिकवलं. मग ती झाडाले आवळून बांध, चापाले दोरी लाव, दूर जाऊन ओढ. अन् पोट्ट्यासोट्ट्यांले दूर ठेवजो.

खुशाल


मोहगाव
२७ सप्टेंबर १९८६

खुशालभाऊ,

तुहा धडा साऱ्या सपरीत वाचून दाखवला. मनकर्णा म्हणाली, "हे तं चुलीचंच पुराण झालं. आधी शेजारून इस्तव आणत होतो, मग गारगोटी झाडत होतो, मग काडीपेटी आली. भासऱ्यानं चंद्रपुरात राहून एवढंच शिकलं का?" माही बायको आहे म्हणून ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, "मागून उघडते ती बंदूक कायची? ते तं कपाट होय."

आता खरं ऐक. काल बंदूक खुंटीवरून काढली. मले वाटलं बाबा आंगावर येतील, पण ते म्हणाले, "न्या, न्या. उडवा." अन् काठी टेकत आमच्या मागं धानाच्या बांधीवर आले. मोहाच्या झाडाले बंदूक आवळली. निम्मं गाव जमलं. मी दोरी घेऊन मातीच्या धुऱ्याच्या आड लपलो, तं पाह्यतो काय, बाबा नेमके नळीच्या तोंडासमोर जाऊन मांडी घालून बसलेले! तंबाकू मळून राह्यले! शेजारच्या सोमाजीनं धावत जाऊन हाताले धरून उठवलं. डोळे गेल्यावर माणसाचं काय होते पाह्य. 

मग देवाचं नाव घेऊन दोरी ओढली. टच्!

एवढंच. नवी टोपी लावली. टच्! तिसरी लावली. टच्! झिंगूचा कुत्रा बाजूलेच झोपला होता, त्यानं कानही हालवला नाई. लोकं हसत घरी गेले अन् सगळ्यात जास्त बाबा हसले. खोकला लागेपर्यंत हसले.

अन् हो, गज टाकून पाह्यला. चार बोटं नाई, भाऊ. चांगला वीतभर बाहेर राह्यला. हे काय होय?

वामन


चंद्रपूर
४ ऑक्टोबर १९८६

वामन,

वीतभर? नीट मोजलं ना? वीतभर म्हणजे तीन बार. एकावर एक तीन बार भरले म्हाताऱ्यानं!

तुह्यापाशी लपवून काय करू, मले लई वाईट वाटलं. एक बार रागात भरला, समजू शकतो. आपला बाप आहे, त्याचा राग आपण लहानपणापासून खाल्ला आहे. पण तीन? एक माहा असल. दुसरा कमलाचा धरला. मग तिसरा कोणाचा? आमची बेबी तवा जन्मली नव्हती, पण जन्मल म्हणून आगाऊ भरून ठेवला का? दोन दिवसांपासून हेच डोक्यात घुमून राह्यलं. काल दुकानात एका गिऱ्हाईकाच्या बंदुकीचा घोडा उलटा बसवला मी. शेठ पाह्यतच राह्यला.

न उडण्याचं कारण सरळ आहे. अकरा पावसाळ्यांत खालची बारूद ओली होऊन दगड झाली. टोपीची आग तिथी पोचते अन् मरते. पण ओल्या बारुदीचा भरोसा नसते, अन् तीन बार एका टायमाले पेटले तं नळी फुटल, झाड जाईल अन् तूही जाशील. आता दोरीबिरी काही नको. बंदूक खुंटीवर ठेव अन् तिच्याकडं कोणी पाहूही नका.

बाबाले काही विचारू नको. मले उत्तर नाई पाहिजे.

खुशाल

ता. क. वामनभाऊजी, ह्यांना उत्तर पाहिजे आहे. कालपासून भाताचं ताट तसंच उठतंय. तिसरा बार कोणासाठी, एवढं मामंजींना विचारून कळवा, म्हणजे घरातली बाकीची माणसं तरी जेवतील. मी शाळेत पन्नास पोरं सांभाळते, पण हे एक सांभाळत नाही. सौ. कमला.


मोहगाव
१४ ऑक्टोबर १९८६

खुशालभाऊ,

वहिनीले सांग ताट वाढा. वरचे दोन बार माहे आहेत.

शिव्या द्याच्या आधी पुरं वाच. मागच्याच्या मागच्या साली डुकरं बांधीत शिरली. धान भरात आलेला. मी बाबाची बंदूक घेऊन मचाणावर बसलो. डुक्कर समोर, नेम धरला, टच्! मले वाटलं बाबाची बारूद जुनी झाली. म्हणून वरून ताजा बार भरला. ताजी पेटली की तिच्या संगतीनं जुनीही पेटल, असा हिशेब. मागच्या साली पुन्हा टच्! म्हणून अजून एक भरला. शिपाई घाबरून बारावर बार भरत, असं तू लिहिलं तवाच मले घाम फुटला होता. पण मनकर्णा बाजूले बसून ऐकत होती, तिच्यासमोर कसं बोलू?

अन् आता तिले समजलंच. "दोन साल मले सांगितलं डुकरं बंदुकीच्या आवाजानं पळतात, अन् तुमी तिथी बसून टच्-टच् करत होते?" मी म्हटलं, टीनाचा डबाही वाजवत होतो ना. त्याच्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाई.

बाबाले हे सारं माहीत होतं, भाऊ. दोन्ही साल मी सपरीत बसून बार भरला, ते खाटेवर बसून गजाची ठोकाठोक ऐकत होते. एका शब्दानं म्हणाले नाई की बावा, असं कराचं नसते. आपला धान डुकरं खाऊन राह्यली अन् हा माणूस मिशीत हसते. याले काय म्हणाचं?

तं बाबाचा बार एकच, सगळ्यात खालचा. तुह्यासाठीचा. वहिनी अन् बेबी सुटल्या.

परवा दसरा झाला. बाबानं बंदुकीले हळदकुंकू लावलं, फूल वाह्यलं.  मग विचारलं, "मिस्त्री आला का?" मी म्हटलं, कोण मिस्त्री? तं हळदीचा हात धोतराले पुसत खाटेवर जाऊन बसले. आता तं तूच ये, भाऊ. दिवाळी तोंडावर आली, जमादार रस्त्यात दिसला की बोट दाखवते. मी एकटा काय करू?

वामन


चंद्रपूर
१७ ऑक्टोबर १९८६

वामन,

अरे भैताडा! अरे बैलोबा! खालचा बार पेटला नाई तं वरचा कसा पेटल? आग टोपीतून सगळ्यात खाली जाते, वरून नाई येत. पन्नास वेळा बाबासंगं बंदूक भरताना पाह्यली तू, काय पाह्यलं? बाबा तुले भैताड म्हणतेत ते उगाच नाई.

पण खरं सांगू, पत्र वाचून मी दोन ताटं जेवलो. एकच बार म्हटल्यावर बरं वाटलं. कमला म्हणते, एका बारानंही माणूस मरतो, एवढं खूश होण्यासारखं काय आहे? तिले नाई समजाचं.

मी येत नाई. मिस्त्री पाहिजे असल तं बाबानं माहं नाव घेऊन बोलवावं. तोपर्यंत पन्नास कोसांवर मले चंद्रपूर बरं.

बिरजू डायवर तिकडं येऊन राह्यला, त्याच्यासंगं एक पेच पाठवला आहे. मी स्वतः दुकानात बनवला. गजाच्या टोकाले बसव. टोपी काढून टाक, नळीत पाणी भर, दिवसभर तसंच राहू दे. मग गज फिरवून एक एक चिंधी वर ओढ. चिंधीमागून छर्रे येतील, छर्ऱ्यांमागून दुसरी चिंधी, अन् तिच्याखालून बारुदीचा काळा चिखल. असं तीन डाव काळं निघालं की बंदूक खाली झाली समज. तिसऱ्या डावाले जपून, बाबाची बारूद सगळ्यात जुनी. नळीच्या समोर कोणाले बसू देऊ नको, खास करून त्याहीले.

खुशाल


मोहगाव
२३ ऑक्टोबर १९८६

खुशालभाऊ,

बंदूक खाली झाली. पण तू आधी खाली बस, मग पुढचं वाच.

आंगणात घोंगडी टाकून बसलो. पाणी ओतलं, दिवसभर ठेवलं, मग तुहा पेच फिरवला. पहिल्या डावाले माही चिंधी, माहे छर्रे, काळा चिखल. दुसऱ्या डावाले तेच. मनकर्णा म्हणाली, "हा चिखल ओळखा, हा आपला धान आहे." मग बाबाचा बार लागला. चिंधी मेणात बुडवून ठोकलेली, ओढता ओढता माह्या खांद्यातून कळ गेली. निघाली तं पाह्यलं, निळा कपडा. तुह्या निळ्या सदऱ्याचा, भाऊ! तो पांढऱ्या गुंड्यांचा, जो तू घाईघाईत दोरीवरच सोडून गेला होता. मी लगेच वळखला.

मेणामुळं पाणी खाली गेलंच नव्हतं. छर्रे निघाले, अगदी कोरडे. मग दुसरी निळी चिंधी. मी साऱ्यांले मागं सरकवलं अन् शेवटच्या बारुदीसाठी गज टाकला.

काहीच नाई.

गज टण्णकन लोखंडाले लागला. पांढरा कपडा बांधून फिरवला, तं लाल गंज आला, काळं कणभरही नाई. टोपी बसते त्या भोकात सुई घातली, तिथंही नाई. बारूद ओली नव्हती झाली, भाऊ. बारूद टाकलीच नव्हती. चिंधी, छर्रे, चिंधी, अन् खाली रिकामं. ही बंदूक अकरा बरसं उडूच शकत नव्हती.

मी बाबाच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, बारूद टाकाले विसरले होते का?"

तं ताडकन उठून बसले. "विसरले? मी? जिंदगीत एक बार चुकलो नाई मी!"  तंबाकू मळली, तशीच हातात ठेवली. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो.

"मले माहा राग माहीत होता. पोट्टा हट्टी, दुसऱ्याच दिवशी आंगणात येऊन उभा राह्यला असता. साऱ्या गावासमोर बोलून बसलो होतो, बंदूक उचलावीच लागली असती. अन् हातात आली की मी चाप दाबला असता. मंग? पोट्ट्याले मारून टाकाचं होतं का? म्हणून गावाले दिसाले छर्रे भरले अन् बारूद ठेवली बाजूले."

मी म्हटलं, "मंग एवढी बरसं सांगितलं काऊन नाई?"

तं माह्यावरच भडकले. "कोणाले सांगू? गावात डंका पिटू का, की बापूरावची बंदूक फुसकी आहे म्हणून? अन् तो तं मोठा मिस्त्री होय ना! त्याले मीच शिकवलं, भरली तं गज चार बोटं. एक डाव येऊन गज टाकला असता तं बारुदीविना दोनच बोटं वर दिसला असता. त्याले बरोबर समजलं असतं, बाकी कोणाले नसतं समजलं. मी रोज वाट पाह्यली. आलाच नाई भडवा."

असं म्हणून तोंडावर धोतराचा सोगा घेतला. मले वाटलं खोकतेत. खोकत नव्हते, भाऊ.

मग थोड्या टायमानं विचारलं, "पोट्टी केवढी झाली?" मी म्हटलं, बेबी तिसरीत गेली. "लुगड्याच्या कपाटात तो निळा सदरा आहे का उरलेला, पाह्य," म्हणाले. उरला आहे. एक बाही गेली, बाकी चांगला आहे.

आता तू ठरव.

वामन


चंद्रपूर
२७ ऑक्टोबर १९८६

वामन,

तुहं पत्र दुकानात वाचलं. शेठ समोर बसला होता, म्हणून डोळ्यात बंदुकीचं तेल गेलं म्हणून सांगितलं. शेठ म्हणाला, एवढं तेल?

मी तुले तोड्यापासून काडतुसापर्यंत शिकवत बसलो अन् जी बंदूक उडूच शकत नव्हती तिले अकरा वर्षं भ्यालो. ओली बारूद म्हणे! घरी येऊन कमलाले पत्र वाचून दाखवलं. ती उठून पेटी भराले लागली. मग बेबीच्या फ्रॉकची घडी घालता घालता म्हणाली, "वामनभाऊजींना एकच विचारा. बाजूला ठेवलेली ती बारूद मामंजींनी ठेवली कुठे?" तेवढं पाहून घेजो, बाप्पा. सापडली तं विहिरीत टाक.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमी तिघं बिरजूच्या गाडीनं येऊन राह्यलो. तोपर्यंत बंदूक ठाण्यात नेऊ नको, जमादाराले दिवाळीचा फराळ दाखव अन् थांबव. नंतर मी अन् बाबा दोघं जाऊन जमा करतो. डोळ्यांचंही पाहू, इथल्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात. बेबीचं तोंड त्याहीले नीट दिसलं पाहिजे, बैलासारखं नको.

अन् बाबाले माहा निरोप दे. म्हणावं, शब्द पाळा. बोलल्यापरमाणे सपरीत बंदूक घेऊन उभे राहा, गावाले जमू द्या. मी आंगणात पाय ठेवतो, तुमी चाप दाबा. तो टच् मले एकदा माह्या कानानं ऐकाचा आहे.

खुशाल